डिझेल इंजिनाचा उच्छ्वास

ऑस्ट्रेलियांत ‘यूट’ या नांवानें ओळखली जाणारी गाडी म्हणजे पुढें बसण्याची बंद जागा आणि मागें सामानाचा उघडा हौदा. १९३२ सालीं गिप्सलँड भागांतील एका शेतकऱ्याच्या पत्नीनें फोर्ड कंपनीला पत्र लिहून अशी गाडी मागितली कीं, रविवारीं तींत बसून चर्चला जातां यावें आणि सोमवारीं तींतूनच डुकरें बाजारांत नेतां यावींत, अशी हकीकत सांगतात. जिलाँग येथील कारखान्यांत लुइस बँट या तरुण आराखडाकारानें ती रचली व १९३४ मध्यें ती विक्रीस आली. आतां तिची जागा हायलक्स, रेंजर, डी-मॅक्स अशा डिझेल पिकअप गाड्यांनीं घेतली आहे. यांचे पुष्कळसे मालक नवी गाडी घरीं आणली कीं बोनेटखालीं वीतभर उंचीचा एक डबा बसवून घेतात. तिकडे त्याला ‘ऑइल कॅच कॅन’ म्हणतात. मराठींत तेलधर डबा म्हणतां येईल.

निर्मात्यानें जो दिला नाहीं तो डबा मागाहून कां जोडावा, याचें उत्तर इंजिनाच्या उच्छ्वासांत आहे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबावयाची कीं, तापलेल्या त्या हवेंत फवारलेलें इंधन आपोआप पेटावें. २०१५ सालीं आलेल्या हायलक्सच्या २.८ लिटर इंजिनांत हवेचें आकारमान १५.६ पटींनीं कमी केलें जातें. (तेंच इंजिन महाराष्ट्राच्या रस्त्यांवर फॉर्च्युनर गाडींतहि धांवतें.) पिस्टन व सिलिंडर यांमधील फट झांकण्यासाठीं पिस्टनभोवतीं कड्या बसविलेल्या असतात; पण त्या कितीहि सुबक असल्या तरी एवढ्या दाबाखालीं थोडासा वायु त्यांच्या कडेनें खालीं निसटतोच. खालीं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा ज्यांत फिरतो ती पेटी आहे. तेथें वंगणतेलाचे तुषार सतत उडत असतात, आणि निसटलेला वायु ते आपल्याबरोबर घेतो. या वायूला बाहेर पडण्यास वाट दिली नाहीं तर पेटींतील दाब वाढून ऑइल सीलें जागा सोडतात आणि तेल गळूं लागतें.

जुन्या मोटारींत ही वाट अगदीं सरळ होती. एक नळी खालीं रस्त्याकडे सोडलेली असे. धूर वाऱ्यावर जाई व तेल धुळींत पडे. शहरांची हवा बिघडल्यावर हें चालेनासें झालें. १९६१ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें हा वायु पुन्हा इंजिनांतच नेऊन जाळण्याची सक्ति केली. मोटारींच्या दूषित वायूवर बसविलेलें अमेरिकेंतील तें पहिलें सक्तीचें उपकरण. आजच्या डिझेल पिकअपमध्येंहि तत्त्व तेंच आहे. इंजिनाच्या माथ्यावरील झांकणापासून निघालेली नळी हवेची गाळणी आणि टर्बो यांच्या मधल्या भागांत येऊन मिळते. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून हवा इंजिनांत कोंबणारा पंखा. झांकणाच्या आंत तेल अडविणारे पडदे असतात, परंतु त्यांवर अडतात ते मोठे थेंब. धुक्यासारखे बारीक कण पुढें निघून जातात.

तेवढ्यानें फारसें बिघडलें नसतें. परंतु ज्वलनाचें उष्णतामान उतरावें व नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी व्हावे, यासाठीं बाहेर निघालेल्या धुराचा कांहीं भाग वळवून पुन्हा हवेच्या मार्गांत सोडला जातो. त्याबरोबर काजळी येते. नुसती काजळी कोरडी असते, तिच्यांतली बरीचशी उडून जाते. नुसतें तेलहि वाहून जातें. दोन्ही एकत्र आलीं म्हणजे काय होतें, हें जाणण्यास यंत्रशास्त्र नको. फोडणीची वाफ आणि चुलीचा धूर वर्षानुवर्षें खाल्लेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट लावून पाहिलें तरी पुरे. तसाच चिकट, डांबरासारखा थर हवेच्या मार्गांत चढत जातो, आणि इंजिनाला पुरेशी हवा मिळेनाशी होते.

तेलधर डब्याचें काम या दोघांपैकीं एकाला आधींच वाटेंत अडविण्याचें. जर्मनींतील मान-हुमेल कंपनीचा ‘प्रोव्हेंट’ हा डबा ऑस्ट्रेलियांत फार वापरला जातो. त्यांत बारीक तंतूंची गाळणी आहे. तंतूंवर आदळून तेलाचे कण एकमेकांस मिळतात, थेंब जड होऊन तळाशीं उतरतो, व कोरडा झालेला वायु पूर्वींच्याच वाटेनें टर्बोकडे जातो. गाळणी तुंबलीच तर दाब सोडून देणारी झडपहि त्यांत ठेवलेली आहे. बाजारांत चकचकीत ॲल्युमिनियमचे पण आंतून निव्वळ पोकळ असे स्वस्त डबेहि मिळतात. झांकणांतले पडदे जें काम आधींच करतात, त्याहून अधिक कांहीं ते करीत नाहींत. शोभेपलीकडे त्यांचा उपयोग थोडा.

बसविण्याचें काम एका सकाळचें आहे, परंतु त्यांतली चूक इंजिनाच्या जिवावर बेतूं शकते. इंजिन थंड असतांना झांकणापासून टर्बोकडे जाणारी मूळची नळी काढावयाची आणि डबा त्या वाटेवर मध्यें घालावयाचा. इंजिन सदा हलत असतें, म्हणून डबा गाडीच्या सांगाड्याला पोलादी पट्टीनें घट्ट धरावा व नळ्यांना थोडी ढील ठेवावी. नव्या नळीचा आंतला व्यास मूळच्या नळीहून कमी असतां कामा नये. वाट अरुंद केली कीं पेटींतला दाब वाढलाच. नळी तेल सोसणाऱ्या रबराचीच हवी. पाण्यासाठीं केलेली रबरी नळी दिसावयास तशीच व किंमतीनें हलकी, पण तेलाच्या संगतींत ती फुगून मऊ पडते आणि टर्बोच्या ओढीनें चपटी होते. डब्यावर आंत येण्याचें व बाहेर जाण्याचें तोंड खुणेनें दाखविलेलें असतें. तें पाहूनच जोडणी करावी. नळीला मध्येंच झोळ पडूं देऊं नये, कारण त्यांत तेल आणि पाणी सांचतें. क्वीन्सलँडच्या उष्ण किनाऱ्यावर त्यानें वायूची वाट नुसती अडखळेल. व्हिक्टोरियाच्या बर्फाळ डोंगरांत मात्र हिवाळ्याच्या रात्रीं तें पाणी गोठतें, आणि सकाळीं चालू केलेल्या इंजिनाचा श्वास कोंडतो.

सर्वांत अधिक जपावयाचें तें डब्यापासून टर्बोकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्यांना. हे सांधे हवेच्या गाळणीच्या पलीकडे, आंतल्या बाजूस आहेत. तेथें केसाएवढी फट राहिली तरी टर्बो तींतून बाहेरची हवा न गाळतां ओढतो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांत कच्च्या रस्त्यांवरची लाल माती पिठासारखी उडते. ती सिलिंडरांत शिरली कीं कड्या आणि भिंती घांसून निघतात. क्लिपा पुन्हा एकदां आवळून पहाण्यास पांच मिनिटें लागतात, तीं अवश्य द्यावींत. कित्येकजण टर्बोकडील तोंड बुजवून डब्याचें तोंड उघड्या हवेंत सोडतात. हें म्हणजे जुन्या मोटारींच्या नळीकडे परत जाणें झालें. प्रदूषण रोखणारी व्यवस्था अशी मोडणें नियमाविरुद्ध आहेच. शिवाय गाडींत बसणाऱ्यांच्या नाकाला तेलाचा वास येत रहातो तो वेगळाच.

डब्याच्या तळापासून एक नळी खालीं तोटीपर्यंत आणलेली असते. एरवीं ती तोटी पक्की बंद असावी, आणि वेळेवर उघडली जावी. हायलक्सचें तेल ऑस्ट्रेलियांत दर १०,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनीं बदलतात. निदान त्या वेळीं, आणि आरंभीं त्याहूनहि लवकर, डबा रिकामा करावा. विसरलेला डबा भरून गेला आणि गाडी चढावर तिरपी झाली, तर सांचलेलें तेल एका घोटांत टर्बोकडे जाऊं शकतें. इंधनतेल कोणतें व वंगणतेल कोणतें हें डिझेल इंजिनाला कळत नाहीं. मिळालेल्या तेलावर तें भडकून वेगानें फिरूं लागतें आणि किल्ली फिरवूनहि थांबत नाहीं, कारण किल्लीनें बंद होतें तें टाकीकडून येणारें इंधन. मग हवेची वाट बंद करणें, किंवा हातानें गिअर बदलण्याची गाडी असल्यास ब्रेक दाबून धरून वरच्या गिअरमध्यें क्लच सोडणें, एवढेच उपाय उरतात, आणि तेहि क्षणार्धांत सुचावे लागतात. म्हणून ज्या घरांत महिनोन् महिने बोनेट उघडलें जात नाहीं, तेथें मूळची नळीच बरी. हवेच्या मार्गांत थर बसावयास वर्षें लागतात; भरलेल्या डब्याला एक चढ पुरतो.

डबा बसवावयाचा तो गाडी नवी असतांनाच, आणि त्यानें हमीला बाध येतो कीं काय हें विक्रेत्याकडून लेखी घेऊन. आधीं बसलेला थर डब्यानें धुतला जात नाहीं. त्यासाठीं मार्ग खोलून साफ करावा लागतो. काजळीहि पूर्वींप्रमाणें येतच रहाते. फक्त तिला चिकटवणारें तेल कमी झालेलें असतें.

तोटींतून निघालेलें तेल पुन्हा इंजिनांत ओतूं नये. थंडीच्या दिवसांत आणि जवळजवळच्या फेऱ्यांत तें ताकासारखें पांढुरकें दिसतें. त्यांत पाण्याचा अंश असतो, आणि त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. लक्ष ठेवावयाचें तें प्रमाणावर. दर वेळीं किती तेल निघालें याची नोंद वहींत ठेवणाऱ्या मालकाला तें एकाएकीं वाढलें तर लगेच कळतें. कड्या झिजूं लागल्या कीं वायु अधिक निसटतो आणि डबा लवकर भरतो. अशा वेळीं मोठा डबा घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो बाजूस ठेवून आधीं सिलिंडरांचा दाब मोजवून घ्यावा, आणि डब्यांतलें तेल गांवांत वापरलेल्या तेलासाठीं ठेवलेल्या पिंपांत नेऊन टाकावें.