जुनें खोगीर आणि नवा बाजार

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण सभेंतल्या निरुपयोगी मंडळींना किंवा ग्रंथाचीं पानें फुगविणाऱ्या मजकुराला लावतों. परंतु तो मुळांत घोड्याच्या पाठीवरून भाषेंत उतरलेला आहे. खोगिराच्या गादींत चिंध्या, लोंकर, काथ्या असें जें हातीं लागेल तें कोंबीत आणि वरून कापड किंवा चामडें शिवून टाकीत. पाहणारास आंत काय आहे हें कळत नसे. घोड्याला मात्र पहिल्याच कोसांत कळे. जुन्या खोगिराच्या खरेदीचें सारें मर्म या एका शब्दांत सांठविलेलें आहे. शोभा बाहेर असते, दोष आंत असतो, आणि त्या दोषाचें फळ ज्याला भोगावें लागतें त्याला तोंड असून वाचा नसते.

या शब्दाची आठवण होण्याचें कारण असें कीं, जुनीं खोगिरें, लगाम, रिकिबी, तंग हें सर्व सामान आतां मोबाइलवरील जाहिरातींतून विकलें व घेतलें जातें. आमचा वाशिम जिल्हा, जो १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला, घोड्यांचा मुलूख म्हणून कांहीं प्रसिद्ध नाहीं. तरी लग्नसराईंत वरातीला घोडी लागतेच, आणि ती पाळून पोट भरणाऱ्या माणसाला नवें चामडी जीन घेणें जड जातें. शिवाय पुण्या-नागपुराकडे शिकावयास गेलेल्या मुलामुलींना अश्वारोहणाची गोडी लागते, आणि ‘बाबा, एक जुनें खोगीर स्वस्तांत मिळतें आहे, पैसे पाठवा,’ असा निरोप घरीं येतो. तेव्हां हा प्रश्न केवळ घोडेवाल्यांचा राहिलेला नाहीं.

पूर्वीं अशा मालाचा बाजार म्हणजे जत्रा. हिंगोलीपलीकडे नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यांत माळेगांव आहे. आमच्या जिल्ह्यांतील मालेगांव तें निराळें. तेथील खंडोबाच्या यात्रेंत घोडे, गाढवें, उंट विकावयास येतात. नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेडें येथें एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दोन्ही यात्रा मार्गशीर्षांतल्या. जनावरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत आहे. भाव झांकलेला, पण माल उघडा! घेणारा जीन उचलून पाही, उलटें करी, वास घेई, आणि मग हेड्याशीं घासाघीस करी. मोबाइलच्या बाजारांत याच्या अगदीं उलट घडतें. तेथें भाव उघडा असतो आणि माल झांकलेला. तरीहि हा बाजार टाकून देतां येत नाहीं. कारण वैशाखांत ऐन वरातीच्या दिवशीं तंग तुटला तर मार्गशीर्षाची वाट कोण पाहणार?

म्हणून जत्रेंत हात जें काम करी, तें काम येथें प्रश्नांकडून करून घ्यावें लागतें. प्रथम मालाविषयीं बोलूं.

विलायती पद्धतीच्या जिनाच्या पोटांत लांकडाचा किंवा कृत्रिम द्रव्याचा एक सांगाडा असतो. जीन मांडीवर टेकवून त्याची पुढची व मागची उंच कड एकमेकींकडे दाबावी. किंचित् लवचिकपणा चालतो; परंतु करकर आवाज आला किंवा जीन मध्येंच घडी पडल्यासारखें वांकलें, तर सांगाडा मोडलेला आहे असें समजावें. असें जीन फुकट मिळालें तरी महाग आहे. मग तें उलटें करून खालच्या दोन गाद्यांवरून तळहात फिरवावा. गांठी, खळगे किंवा एक बाजू दुसरीपेक्षां उंच, असें असेल तर स्वाराचा सारा भार पाठीच्या एकाच जागीं येतो, तेथें सूज येते आणि पुढें जखम होते. मानेच्या मुळाशीं पाठीचा जो उंचवटा असतो, त्यावर स्वार बसल्यानंतरहि दोनतीन बोटें मोकळी जागा राहिली पाहिजे. एका घोड्याचें जीन दुसऱ्यास बसेलच असें नाहीं. म्हणून आपल्या घोड्याचें माप घेतल्याशिवाय जाहिरात पाहूंच नये.

त्यानंतर वाद्या. तंगाचे पट्टे व रिकिबीच्या वाद्या भोकांजवळ वांकवून पाहाव्या. चामडें कोरडें पडलें असल्यास तेथें बारीक चिरा दिसतात. रिकिबीची वादी तुटली तर स्वार एकटा पडतो. तंगाचा पट्टा तुटला तर खोगिरासकट पडतो. शिवण नखानें ओढून पाहावी. तोंडांतलें कडियाळें सांध्याशीं झिजून धारदार झालें असेल तर घोड्याची जीभ कापते. वरातीच्या सामानावर जरीची झूल आणि आरसे पुष्कळ असतात; त्यांच्याखालीं काय आहे तें आधीं विचारावें.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या सामानाबरोबर रोगहि येतो. गजकर्ण एका घोड्याच्या झुलींतून व तंगांतून दुसऱ्यास लागतें. ग्लँडर्स हा त्याहून भयंकर रोग. तो दूषित सामानांतून पसरूं शकतो आणि माणसासहि होतो. तो आढळल्यास सरकारास कळविणें २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या कायद्यान्वयें बंधनकारक आहे. म्हणून सामान कोणत्या घोड्यावर होतें व तो घोडा आज कसा आहे, हें विचारावें, आणि आणलेलें सामान धुऊन, निर्जंतुक करून, उन्हांत वाळवूनच वापरावें.

हें सर्व दूरच्या विक्रेत्याकडून कसें कळावें? त्यासाठीं छायाचित्रें मागावीं, पण त्यानें दिलेलीं नव्हेत, आपण सांगूं तीं. उलट्या जिनाचें एक, मागून मधली रेषा दिसेल असें एक, प्रत्येक वादीच्या भोकांचें जवळून एक, आणि मापाची फीत लावून एक. शेजारीं कागदावर त्या दिवसाची तारीख व आपलें नांव लिहून ठेवण्यास सांगावें. म्हणजे दुसऱ्याच्या जाहिरातींतून उचललेलीं चित्रें ओळखूं येतात. चलच्चित्रासह दूरध्वनि करून सांगाडा दाबून दाखविण्यास सांगावें. खऱ्या मालकास हें करावयास पांच मिनिटें लागतात. भामट्यास हें करतांच येत नाहीं, आणि तो रागावतो. त्याचा राग हेंच आपलें उत्तर!

आतां पैशाविषयीं. या बाबतींत मला आपल्या जुन्या स्मृतिकारांचें फार कौतुक वाटतें. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ‘अस्वामिविक्रय’, म्हणजे मालक नसणाऱ्यानें केलेली विक्री, हें तिसरें आहे. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत अशा खरेदीचीं चार लक्षणें दिलीं आहेत: ज्याच्याजवळ ती वस्तु असण्याचा संभव नाहीं त्याच्याकडून, एकांतांत, फारच कमी किंमतींत आणि अवेळीं घेतलेली वस्तु. अशा घेणारास तो चोराच्याच पंक्तीला बसवितो. हीं चार लक्षणें मोबाइलवरील जाहिरातीस लावून पाहा. विक्रेता घोड्याविषयीं एक शब्द धड सांगूं शकत नाहीं. जाहिरातीच्या जागेवरून आपणांस खाजगी संभाषणांत ओढतो. निम्म्याहून कमी किंमत सांगतो. आणि रात्रीं अकरा वाजतां ‘आतांच आगाऊ रक्कम पाठवा, दुसरें गिऱ्हाईक उभें आहे’ म्हणून घाई करतो. या चारांपैकीं दोन लक्षणें जुळलीं तरी मोबाइल बाजूस ठेवून झोपी जावें. सैन्यांत नोकरीस असून बदलीमुळें सामान विकत आहें, अशी बतावणी अनेक भामटे करतात. सैन्यांत आजहि घोडे असल्यामुळें खोगिराच्या व्यापारांत ती अधिक खरी वाटते, एवढेंच.

व्ही. पी. नें पुस्तकें मागविणाऱ्या पिढीला एक सोय होती. पार्सल दारीं आल्यावरच पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवावयाचे. त्यांतहि पुडकें सोडण्यापूर्वींच पैसे द्यावे लागत, तरी निदान पुडकें तरी हातीं येई. आज यू.पी.आय.नें पैसे क्षणांत जातात आणि परत येण्यास महिने लागतात. म्हणून शक्य तर माल समक्ष पाहून तेथेंच पैसे द्यावे. लांबचा माल असेल तर त्या गांवचा एखादा नातलग किंवा जाणता सईस पाठवावा. आगाऊ रक्कम देऊं नये.

विकणाऱ्यासहि धोका आहे, आणि तो पुष्कळदां अधिक. घेणारा म्हणतो, ‘पैसे पाठविले आहेत, हें चौकोनी चित्र स्कॅन करून पिन टाका, म्हणजे जमा होतील.’ येथें एकच नियम पाठ असूं द्यावा: पैसे घेण्यासाठीं पिन कधींच टाकावा लागत नाहीं, पिन टाकला कीं पैसे जातात. दुसरा म्हणतो, ‘चुकून जास्त रक्कम गेली, उरलेली परत करा,’ आणि पैसे मिळाल्याचा खोटा संदेश दाखवितो. अशा वेळीं संदेशावर विश्वास न ठेवतां आपलें बँकेचें खातें स्वतः उघडून पाहावें. ओ.टी.पी. कोणासहि सांगूं नये, आणि कोणाच्या सांगण्यावरून मोबाइलवर नवीन ॲप बसवूं नये.

विक्रेत्याचें आणखी एक कर्तव्य आहे. ‘डाव्या वादीचें तिसरें भोक फाटलेलें आहे’ असें ज्यानें आधींच लिहिलें, त्याचा माल थोड्या कमी किंमतीस जातो. पण तो पुन्हां दारीं येत नाहीं, आणि दुसऱ्याच्या मुलाचा हात मोडल्याचें पाप आपल्या माथीं बसत नाहीं.

सौदा ठरल्यावर चार ओळी लिहून घ्याव्या. याज्ञवल्क्यानें विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षणासाठीं दिवस ठरवून दिले आहेत: लोखंडास एक, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, बियाण्यास दहा. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेंत त्याचें विवरण आहे. तत्त्व असें कीं, ज्या वस्तूचा दोष जितक्या उशिरां कळतो तितका अवधि घेणारास मिळावा. खोगिराचा तेथें उल्लेख नाहीं. परंतु खोगिराचा दोष घोड्याच्या पाठीवरच कळतो, म्हणून ओझ्याच्या जनावराचे पांच दिवस मागण्यास हरकत नसावी. ‘पांच दिवसांत न बसल्यास माल त्याच स्थितींत परत व पैसे परत’ एवढें दोघांच्या नांवानिशीं लिहिलेलें असावें. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशीं जुळला पाहिजे, न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधि घेणारास मिळाली पाहिजे, आणि मालक नसणाऱ्याकडून सामान्यतः मालकी मिळत नाहीं. परंतु गुणाविषयीं कांहींच लिहिलें-बोललें नसेल, तर बहुधा घेणाऱ्यानेंच सावध राहावयाचें असतें. म्हणूनच वर्णन लेखी हवें, आणि सर्व संभाषण जपून ठेवलेलें हवें.

इतकें करूनहि फसवणूक झालीच, तर लाजेनें गप्प बसूं नये. त्याच क्षणीं १९३० या क्रमांकावर दूरध्वनि करावा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी ठिकाणीं तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितका पैसा वाटेंतच अडविला जाण्याचा संभव अधिक. कायद्याचें सालहि १९३० आणि मदतीचा क्रमांकहि १९३०, हा योगायोग पाठांतरास मोठा सोयीचा आहे. घरांतील मुलांस व विशेषतः वृद्धांस तो शिकवून ठेवावा.

शेवटीं एकच सांगावयाचें. पैसे गेले तर आपण तक्रार करूं, चार लोकांस सांगूं, पुन्हां मिळवूं. वाईट खोगिराखालीं ज्याची पाठ सोलवटते तो कोठेंहि तक्रार करीत नाहीं. तो फक्त तंग आंवळतांना कान मागें पाडतो. सौद्याची घाई होईल तेव्हां ते कान डोळ्यांपुढें आणावे, आणि विक्रेत्यास सांगावें, ‘एकदां जीन उलटें करून दाखवा.’