बोटाएवढा ऑस्कर

ऑस्कर दुकानातून आणताना बोटाएवढा असतो. मुले हरखतात. वर्षभरात तो वीतभर होतो, पुढे फूटभर. अॅमेझॉन खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला हा शिकारी फिशटँकमधले लहान मासे गिळतो, रोपे उपटतो. पण खाणे देणारा माणूस दिसला की काचेशी धावून येतो. लळा लागतो तो यामुळेच. आयुष्य 10 वर्षांहून अधिक. एकट्याला 300 लिटर तरी पाणी हवे, तेही आठवड्याला थोडे थोडे बदललेले. गोंडपिपरीच्या उन्हाळ्यात वीज गेली की पंप बंद, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी! बँकेत कर्ज देताना आम्ही पहिला हप्ता नव्हे, शेवटचा कसा येईल ते पाहत असू.

मग कंटाळलेले घर म्हणते, ‘सोडू या तळ्यात, पुण्य लागेल.’ हे पुण्य ढिवरांच्या जाळ्यातून वजा होते. चंद्रपूर-गडचिरोलीचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यांच्या पोटापाण्याचे. याच कुळातला तिलापिया 1952 साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लांनाही तिथेच आसरा देते. म्हणून पिल्ले फार जगतात. देशातल्या कितीतरी तळ्यांत तो ठाण मांडून बसला आहे. आता त्याला बाहेर काढणार कोण?

ऑस्कर आवरेनासा झाला तर मोठी टाकी असलेला शौकीन शोधावा. त्याहून बरे, घेण्यापूर्वीच दुकानदाराला विचारावे, ‘वाढल्यावर परत घ्याल का?’ तो नुसता हसला, तर रिकाम्या हाताने घरी यावे.