बाप्तिस्मा घेताना नाव बदलावे का?



पावसाळ्याआधी एका पाड्यावर बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग चालू होता. एका तरुणाने मला विचारले, "ताई, बाप्तिस्मा घेतल्यावर माझं नाव काय राहील?" तो वारली आहे. मूल ज्या वारी जन्मले त्या वारावरून नाव ठेवायची रीत त्यांच्याकडे जुनी. याचेही नाव तसेच. आता दावीद किंवा पेत्र असे काहीतरी घ्यावे लागेल, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. वर्गातल्या दोघींनी तर नावे निवडूनही ठेवली होती.

मला हा प्रश्न टोचला, कारण याच बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. धर्मशास्त्राची पदविका घेऊन मी नुकतीच कामाला लागले होते. वसतिगृहातल्या एका मुलीला मी हौसेने पवित्र शास्त्रातले नाव सुचवले. तेच हजेरीपटावर चढले आणि तेच दहावीच्या अर्जावर गेले. जातीचा दाखला मात्र जुन्या नावाचा होता. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि कार्यालयांच्या फेऱ्या यांत तिचे एक वर्ष गेले. पण मला खरे लागले ते तिच्या आईचे बोलणे. ती म्हणाली, "पोर शिकायला दिली होती. नाव कुठं दिलं होतं?"

त्यानंतर मी या प्रश्नासाठी नवा करार पुन्हा वाचला. आपल्यापैकी अनेकांना वाटते की दिमिष्काच्या वाटेवर शौलाचा पौल झाला. पण प्रेषितांची कृत्ये नीट वाचा. ९ व्या अध्यायात त्याला प्रकाश दिसतो, हनन्या येतो, बाप्तिस्मा होतो, आणि तरी तो शौलच राहतो. पुढे कितीतरी दिवस त्याला शौलच म्हटले आहे. १३ व्या अध्यायात, कुप्र बेटावर, लूक सहज सांगतो की शौलाला पौलही म्हणत. एक नाव इब्री लोकांतले, दुसरे रोमी लोकांतले. परराष्ट्रीयांमध्ये काम सुरू झाले तेव्हा त्यांच्या कानाला ओळखीचे नाव पुढे आले. म्हणजे ज्यांना सुवार्ता सांगायची त्यांच्याजवळ जाणारे नाव त्याने वापरले. आम्ही मात्र मुलीला तिच्या लोकांपासून दूर नेणारे नाव दिले.

शिमोनाला प्रभूने पेत्र हे नाव दिले हे खरेच. पण पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी त्याला तीनदा प्रश्न विचारताना प्रभू त्याला शिमोन म्हणूनच हाक मारतो. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायातली सलामांची यादीही पाहा. तिथे हर्मेस नावाचा एक बंधू आहे. हे तर ग्रीक देवाचेच नाव! अपुल्लोस आणि एपफ्रदीत ही नावेही ग्रीक दैवतांवरून आलेली. कोणी त्यांना नाव बदलायला लावल्याची नोंद नाही. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी आधी यहूदी व्हावे की नाही, याचा निकाल यरुशलेमातल्या सभेने कृत्ये १५ मध्ये दिलाच होता: सुंतेचे ओझे त्यांच्यावर घालू नये.

आपल्या महाराष्ट्रातही दाखले कमी नाहीत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. ते नारायणच राहिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर काही वर्षांनी झाला, त्या लक्ष्मीबाईच राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसते की जातीचा विटाळ मनातून जायला त्यांना किती काळ लागला. नाव तेच राहिले आणि आतली बाई हळूहळू नवी होत गेली. मला वाटते, ख्रिस्तातली नवी उत्पत्ती (२ करिंथ ५:१७) अशीच दिसते.

तारपा वाजवावा का, लग्नात चौक लिहावा का, हेही तरुण विचारतात. तारपा हे वाद्य आहे. त्यावर प्रभूचे गीत वाजायला मला हरकत दिसत नाही. चौकाचे उत्तर इतके सोपे नाही, कारण त्यात पालघट देवीची पूजा आहे. तिथला निर्णय त्या पाड्यावरच्या मंडळीने प्रार्थनेत घ्यावा. त्यांच्या घरची गोष्ट मी शहरातून येऊन ठरवू नये. (आमच्या क्रिसमस ट्रीबद्दल आम्हाला कोणी एवढे प्रश्न विचारले नाहीत, हेही आठवते.)

देणगीदार बंधुभगिनी विचारतात म्हणून सांगते: अनुसूचित जमातींसाठीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. वारली माणूस ख्रिस्ती झाला म्हणून त्याची जमात आपोआप सुटत नाही. कागदावर नाव मात्र सगळीकडे एकच असावे, यासाठी आम्ही आता जपतो.

त्या तरुणाला मी एवढेच म्हटले, "तुझं नाव तुझ्या आईबापाने ठेवलंय, ते ठेव. बाकी काय बदलतंय ते बघ." काय बदलत होते ते मला त्याच्याकडून कळले नाही. त्याच्या चुलतभावाने सांगितले. शेताच्या बांधावरून दोघे दोन पावसाळे बोलत नव्हते. नांगरणीच्या आधी हा स्वतः गेला, बांध हातभर आपल्याकडे सरकवला आणि चहा मागून प्यायला. चुलतभाऊ ख्रिस्ती नाही. तो म्हणाला, "याला काय झालंय ते तुम्हीच सांगा."

बाप्तिस्मा ओहोळावर झाला. वडील येणार नाहीत असेच सगळ्यांना वाटत होते. ते आले आणि काठावर, जरा लांब, पळसाखाली उभे राहिले. पाळकांनी पाण्यात उभे राहून नाव विचारले. त्याने वडिलांनी ठेवलेले नाव सांगितले, तेही जरा मोठ्याने, पळसापर्यंत ऐकू जाईल असे.