दगड हलवून घर बांधणारा बेडूक

जगातला सर्वांत मोठा बेडूक आफ्रिकेत राहतो. कॅमेरून आणि इक्वेटोरियल गिनी या देशांतल्या जंगलांमध्ये, खळाळत्या नद्यांच्या काठी आढळणारा हा ‘गोलायथ’ बेडूक ३० सेंटिमीटरहून लांब वाढतो. त्याचे वजन ३ किलोच्या वर जाऊ शकते. आपल्याकडचे नर बेडूक गळ्याची पिशवी फुगवून डरांव डरांव करतात. या महाकाय बेडकाला ती पिशवीच नसते.

त्याचे शरीर इतके मोठे का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून याचा एक धागा मिळाला. कॅमेरूनमधल्या एका नदीकाठी हे बेडूक पिल्लांसाठी डबकी तयार करतात, असे संशोधकांना आढळले. कधी ते खडकातल्या खळग्यातला पालापाचोळा आणि वाळू बाहेर काढतात, तर कधी काठावरची खडी उकरून नवे डबके करतात. त्यासाठी हलवलेले काही दगड तब्बल २ किलोंचे होते. अशा आडोशात अंडी प्रवाहाबरोबर वाहून जात नाहीत. रात्री एक प्रौढ बेडूक जवळ बसून राखणही करतो. हे काम ताकदीचे असल्यामुळेच देह मोठा झाला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मात्र मांसासाठी होणारी शिकार आणि जंगलतोड यांमुळे आज ही जात संकटग्रस्त आहे. या बेडकाला वाचवायचे तर शिकार रोखण्याबरोबरच त्याचा नदीकाठही शाबूत राखावा लागेल.