सोरायसिसवर उजेडाची मात्रा

सोरायसिसच्या चट्ट्यांना डॉक्टर उजेड देतात, तोही औषधासारखा मोजून. सुरुवात बहुधा काही सेकंदांनी, मग आठवड्यातून दोन-तीनदा थोडं थोडं वाढवत.

निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो, म्हणून खपल्यांचे थर साचतात. या उजेडातले अतिनील बी किरण ही घाई मंदावतात आणि त्वचेत दाह पेटवणाऱ्या टी-पेशींना संपवतात.

मात्र सगळेच किरण कामाचे नाहीत. 1981 साली अमेरिकेत पॅरिश आणि येनिके यांनी वेगवेगळ्या तरंगलांबींचे किरण चट्ट्यांवर देऊन पाहिले. 296 नॅनोमीटरच्या खालचे किरण त्वचा भाजत, पण चट्टे हटत नसत. गुण होता 300 ते 313च्या पट्ट्यात. आजच्या नॅरोबँड ट्यूब 311च्या आसपास चमकतात, त्या याच शोधामुळे.

कपाटासारख्या चेंबरमध्ये रुग्ण उभा राहतो. डोळ्यांवर गडद गॉगल, पुरुषांचं जननांग झाकलेलं. दुसऱ्या दिवशी त्वचा लाल होऊन चुरचुरली, तर मात्रा वाढवणं थांबतं. आणि हे जरूर लक्षात ठेवा: खपल्या काढायचं सॅलिसिलिक ॲसिडचं मलम चेंबरमध्ये जाण्याआधी लावू नये, कारण ते हेच किरण अडवतं.

खिडकीच्या काचेआड ऊन खात बसूनही फायदा नाही. साधी काच अतिनील बी किरण जवळजवळ सगळे गाळते.

मृत समुद्राकाठी मात्र रुग्ण तासन् तास उन्हात पडून राहतात. तो किनारा समुद्रसपाटीच्या 400 मीटरहून खाली आहे. हवेचा जास्तीचा थर भाजणारे किरण बरेच गाळतो.

आपल्या बावची या वनस्पतीच्या बियांत त्वचेला उन्हाबाबत हळवं करणारं सोरॅलेन असतं. गोळीच्या रूपात ते घेऊन अतिनील ए किरण द्यायची पद्धत, म्हणजे पुवा, 1974 पासून गाजली. पण खूप वेळा घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून आज नॅरोबँडला पसंती. बावचीचं तेल लावून मनाने उन्हात बसणं तर सरळ फोड ओढवून घेणं आहे!

दवाखान्याच्या फेऱ्यांनी दमलेल्यांसाठी चांगली बातमी: 2024 साली अमेरिकेत 783 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरच्या यंत्रावर गुण दवाखान्यापेक्षा कमी नव्हता, आणि घरी उपचार घेणारे जास्त नेमाने घेत होते.