मोटारीवरील पांढरे डाग आणि त्यांचे रसायन

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात, जेथे नीरा डाव्या कालव्यावर ऊस उभा राहतो आणि विंधनविहिरीचे पाणी मोटारी धुण्यास सर्रास वापरले जाते, तेथे बॉनेटवर उन्हात उमटणारे पांढरे, ठळक कडांचे डाग बहुतेकांच्या परिचयाचे असतील. हे डाग धुळीचे नव्हेत. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार, पाणी उडून जाताच, मुख्यतः कार्बोनेटच्या रूपाने मागे राहतात. त्यांवर साबण चोळणे सर्वथा व्यर्थ होय, कारण कठीण पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तेवढा वाढतो. म्हणूनच मोटारीच्या शाम्पूत साबणाऐवजी कृत्रिम प्रक्षालके योजलेली असतात. जुन्या डागांसाठी सौम्य आम्लाची तजवीज करावी: पांढरा व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून, गाडी सावलीत व पत्रा थंड असताना, मऊ ओल्या फडक्याने डागावर क्षणभर टेकवावा, म्हणजे कार्बोनेट विरघळून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, लगेच भरपूर पाण्याने धुऊन पत्रा पुसून कोरडा करावा.

गळीत हंगामात जाळलेल्या पाचटाची काळी राख गाडीवर येऊन बसते, तिच्याविषयी मात्र याहून अधिक खबरदारी हवी. तीत सिलिका विपुल असते, आणि ती कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे रंगावरील पारदर्शक लेपावर आपल्याच हाताने चरे ओढणे होय. आधी पाण्याची धार, मगच फडके. मळीच्या शिंतोड्यांवर रॉकेल चोळू नये, कारण साखर तेलात विरघळत नाही. कोमट पाणी पुरते.