हा शब्द आला कुठून?

विठ्ठलवाडी स्टेशनच्या एका बाजूला कल्याण पूर्व, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. तिथून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी कुटुंबं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि यांतल्या कितीतरी घरांत इंग्रजी माध्यमात शिकणारी पहिली पिढी म्हणजे आजची मुलं. अभ्यास घेताना आईवडील हमखास अडतात ते स्पेलिंगपाशी. देवनागरीत ऐकलेलं बहुतांशी तसंच लिहिता येतं. मग ‘नाइट’ म्हणजे रात्र लिहिताना मधे जी आणि एच का घालायचे, याचं उत्तर घरात कुणाकडे नसतं. उपाय ठरलेला असतो: दहा वेळा लिहून काढ. अशा घरांनी मुलांसोबत बसून ‘अकीला अँड द बी’ हा २००६ सालचा अमेरिकन चित्रपट पाहावा, असं मला मनापासून वाटतं. गरीब मुलगी जिंकते म्हणून नव्हे. तशा गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. स्पेलिंग हा घोकंपट्टीपेक्षा चौकशीचा विषय आहे, शब्दाला ‘तू आलास कुठून?’ असं विचारलं की तो बराचसा उलगडतो, हे हा चित्रपट फार नेमकेपणानं दाखवतो. आणि हे मराठीलाही तितकंच लागू पडतं.

डग अ‍ॅचिसन यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातली अकीला अकरा वर्षांची आहे. दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीय वस्तीत राहणारी, वडील गोळीबारात गमावलेली. आई इस्पितळात नोकरी करून घर चालवते. मुलगी हुशार आहे, पण वर्गात हुशारी दाखवली तर मुलं चिडवतात म्हणून ती लपवते. किकी पामरनं ही भूमिका इतकी खरी केली आहे की मुलं तिच्याकडे पाहतच राहतील. तिला राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेसाठी शिकवणारे डॉक्टर लॅराबी (लॉरेन्स फिशबर्न) हे प्राध्यापक सुरुवातीला शब्दांची यादी देतच नाहीत. ते तिला डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस आणि मार्टिन ल्यूथर किंग या कृष्णवर्णीय विचारवंतांचं लिखाण वाचायला लावतात, कारण शब्द वापरात कसा जगतो हे आधी कळायला हवं. मग सांगतात की लांबलचक दिसणारे शब्द लहान लहान शब्दांचेच बनलेले असतात. लॅटिन आणि ग्रीक मुळं ओळखता आली की भीती जाते. अकीलाची स्वतःची युक्ती वेगळी: दोरीवरच्या उड्यांच्या ठेक्यावर ती अक्षरं लक्षात ठेवते. पुढे लॅराबी बाजूला होतात आणि पाच हजार शब्दांचे पत्ते तिच्या हाती येतात, तेव्हा अख्खी वस्ती तिची उजळणी घेऊ लागते: आई, भाऊ, शेजारी, अगदी गल्लीतला दादासुद्धा. घरात इंग्रजीचा जाणकार नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्या पालकांसाठी हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. उजळणी घेणाऱ्याला स्पेलिंग येण्याची गरज नसते; पत्त्यावर ते छापलेलं असतं. गरज असते ती रोज अर्धा तास बसणाऱ्या माणसाची.

ही स्पर्धा काल्पनिक नाही. अमेरिकेची राष्ट्रीय स्पेलिंग बी १९२५ साली सुरू झाली आणि तिचे नियमच मुलाला चौकशी करायला बोलावतात. व्यासपीठावर शब्द उच्चारला गेला की स्पर्धक त्याचा अर्थ विचारू शकतो, वाक्यात उपयोग विचारू शकतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो शब्द कोणत्या भाषेतून आला हे विचारू शकतो. ‘फ’चा उच्चार ग्रीक शब्दात पी-एचनं लिहिला जाण्याची शक्यता मोठी, ‘श’ फ्रेंचमधून आला असेल तर सी-एचनं. ‘नाइट’मधल्या जी-एचलाही असंच उत्तर आहे: एके काळी इंग्रज तिथे ‘ख’सारखा ध्वनी उच्चारत. तो बोलण्यातून गेला, लिहिण्यात उरला. त्याच कुळातल्या जर्मन भाषेत रात्रीला आजही ‘नाख्ट’ म्हणतात. हे एकदा कळलेल्या मुलाला ‘लाइट’ आणि ‘राइट’ वेगळे घोकावे लागत नाहीत. १९९९च्या स्पर्धेवरचा ‘स्पेलबाउंड’ हा माहितीपट तर अकीलाच्या गोष्टीची खरीखुरी बाजू दाखवतो. त्यातल्या एका स्पर्धक मुलीच्या मेक्सिकन वडिलांना इंग्रजी बोलताही येत नाही, तरी मुलगी राष्ट्रीय फेरीत पोहोचते. दुसरीकडे, घरी जय्यत तयारी करून घेतलेल्या भारतीय वंशाच्या मुलासमोर ‘दार्जिलिंग’ हा शब्द येतो आणि तो गोंधळून जातो, बऱ्याच धडपडीनंतर तो बरोबर सांगतो. हजारो परके शब्द पाठ असलेला मुलगा आजोबांच्या देशातल्या गावाच्या नावाशी अडखळतो, यातून निव्वळ पाठांतराची मर्यादा जितकी कळते तितकी एखाद्या भाषणातून कळणार नाही.

यावर आक्षेप येईल की चित्रपट काहीही म्हणो, विजेती मुलं शेवटी पाठांतरच करतात. त्यात तथ्य आहे. वर्षानुवर्षं रोज कित्येक तास शब्दकोश चाळल्याशिवाय तिथवर कुणी पोहोचत नाही. पण स्पर्धेचा कोश म्हणजे वेबस्टरचा बृहद्‌कोश, आणि त्यात चार लाखांहून अधिक नोंदी आहेत. त्या सगळ्या मेंदूत साठवणं शक्य नाही. न पाहिलेला शब्द समोर येणारच, आणि तिथे मुळाचं ज्ञानच उपयोगी पडतं. २०१९ साली तर आठ मुलं शेवटपर्यंत चुकेनात आणि आयोजकांनी आठही जणांना विजेतं जाहीर केलं. त्यांत आपल्या ओळखीच्या आडनावाचा टेक्सासचा सोहम सुखटणकरही होता. (अकीलाच्या चित्रपटाचा शेवट दोन विजेत्यांचा आहे आणि तो सोयीचा वाटतो खरा, पण पुढे २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं प्रत्यक्षातही दोन-दोन विजेते झाले.) २०२१ पासून आयोजकांनी शब्दांच्या अर्थावर वेगळी फेरी ठेवली. नुसत्या अक्षरांना शब्दज्ञान म्हणता येत नाही, हे त्यांनाही मान्य करावं लागलं. त्याच वर्षी लुइझियानाची झायला अवाँ-गार्ड जिंकली; ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन. पडद्यावरच्या अकीलानंतर प्रत्यक्षात हे घडायला पंधरा वर्षं लागली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा स्पर्धांनी मुलं पिळून निघतात. १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला, आणि २००८ ते २०१९ या काळात भारतीय वंशाचा विजेता नाही असं एकही वर्ष गेलं नाही. यामागे नॉर्थ साउथ फाउंडेशनसारख्या संस्थांच्या सराव स्पर्धा आहेत, तशी पालकांची जिद्दही आहे, आणि ही जिद्द कुठवर ताणायची हा प्रश्न रास्तच आहे. चित्रपट तो टाळत नाही. अकीलाचा प्रतिस्पर्धी डिलन याचे वडील त्याला हरण्याची मुभाच देत नाहीत, आणि त्याची दशा पाहून अकीला मुद्दाम चुकते. हे दृश्य मुलांपेक्षा पालकांनी पाहायला हवं. आपल्याकडेही शाळाशाळांतून खासगी स्पेलिंग स्पर्धा होतात. फीसोबत शब्दांची पुस्तिका हाती पडते. भाग घ्यायला हरकत नाही. पण पुस्तिकेतला शब्द कोणत्या भाषेतून आला, त्याच्या ओळखीचे आणखी कोणते शब्द आहेत, हे मुलाशी बोललं जात नसेल, तर तो सराव परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुसला जातो. मोबाइल आपोआप चुका सुधारतो हा युक्तिवाद मात्र मला फार वजनदार वाटत नाही. दोन बरोबर शब्दांतला नेमका कोणता हवा, हे माहीत असावं लागतं.

उरतो तिसरा आक्षेप, आणि तो मराठी माणसाच्या तोंडी येणं स्वाभाविक आहे: हे सगळं इंग्रजीचं कौतुक आपल्याला कशाला? मराठीत लिहिणं उच्चाराप्रमाणे, म्हणून स्पेलिंगचा प्रश्नच नाही, असं आपण समजतो. पण ‘गरीब’ला प्रत्यय लागला की ‘गरिबाला’ होतं आणि ‘शरीर’चं ‘शरीराला’च राहतं, ते का? ‘वकील’चं ‘वकिलाला’, मग ‘गीत’चं ‘गीताला’ कसं? मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत, जे सरकारनं १९६२ साली स्वीकारले, याचं उत्तर आहे. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर त्यातला दीर्घ स्वर टिकतो. अन्यथा सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. म्हणजे शुद्ध मराठी लिहायलाही मुलानं विचारायचा प्रश्न तोच: हा शब्द आला कुठून? गरीब आणि वकील अरबी, शरीर आणि गीत संस्कृत. शाळेत मात्र ही यादी कारणाविना लाल शाईनं सुधारली जाते आणि मूल धरून चालतं की ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे बाईंची मर्जी.

हे ज्ञान दूर कुठे शोधायला नको. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. या कोशात जागोजाग शब्दापुढे एखादं अक्षर घालून तो संस्कृत, फारसी की अरबी हे नोंदलं आहे. विठ्ठलवाडीहून लोकलनं तीन स्टेशनं पुढे, बदलापूरला, श्याम जोशी यांनी उभारलेलं ग्रंथसखा वाचनालय दुर्मिळ मराठी ग्रंथांसाठी ओळखलं जातं. या पट्ट्यातल्या शाळांनी मिळून अशा जागी मराठी लेखनाची स्पर्धा घ्यावी: प्रत्येक मुलाला शब्दाचा अर्थ, वाक्य आणि मूळ भाषा विचारायची पूर्ण मुभा द्यावी, परीक्षकांच्या टेबलावर मोल्सवर्थ ठेवावा, आणि सिंधी-हिंदी घरांतल्या मुलांनाही बोलवावं. अरबी-फारसीतून आलेले कितीतरी शब्द त्यांच्या घरातही रोज बोलले जातात, तेव्हा ‘वकील’ कुठून आला याचा अंदाज त्यांना मराठी मुलांच्याही आधी येऊ शकेल.